आठ अक्षरांचा संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की त्यात आरोग्य, बचत किंवा मुलांचे संगोपन असा एखादा उपयोगाचा विषय असावा अशी अपेक्षा असते. यंदा कार्यकारिणीने मला कवितेवर बोलायला सांगितले. कविता उपयोगाची आहे की नाही, हे मी आरंभीच सांगत नाही. बोलणे संपल्यावर ते आपणच ठरवावे.

कविता मी मुद्दाम आपल्या सर्वांच्या तोंडची घेतली आहे. बहिणाबाई चौधरी यांची ‘संसार’ ही कविता आपल्या भगिनींनी आताच एका सुरात म्हटली, म्हणून तिच्या ओळी मी पुन्हा म्हणत नाही. त्या कानात ताज्या आहेत तोवर त्यांच्याविषयी तीन गोष्टी पाहू या : ती कशी घडवली आहे, ती कोणत्या छंदात चालते, आणि तिचा भाव कोणता आहे. शाळेत याला रसग्रहण म्हणत. परीक्षेच्या धाकाने त्या शब्दातला रस गेला आणि ग्रहण तेवढे उरले! आज आपल्याला कोणी गुण देणार नाही, म्हणून मोकळ्या मनाने पाहू या.

पहिल्याने कवयित्रीची थोडी ओळख. बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे ह्या गावी झाला. बालपणीच लग्न झाले, आणि ऐन तिशीच्या सुमारास वैधव्य आले. घर, शेत आणि मुले सांभाळत त्यांनी आयुष्य काढले. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. काम करता करता त्या गाणी रचीत, आणि जी कोणी ऐकून टिपली तेवढीच राहिली. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव आणि त्यांच्या एका मावसभावाने काही गाणी उतरवून घेतली होती. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली, आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. ज्या बाईने कधी हाती लेखणी धरली नाही, तिचे नाव २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला देण्यात आले.

आता छंदाकडे वळू. ‘छंद’ म्हटले की पुष्कळजणी बिचकतात. यमाताराजभानसलगं पाठ केल्याची आठवण येते. परंतु ह्या कवितेला त्यातले काही लागत नाही. दोन्ही हात पुढे करा, अंगठे दुमडून घ्या. उरली आठ बोटे. एकेका अक्षराला एक बोट मोडीत चला. जोडाक्षर असेल तर ते एकच धरायचे. आताच म्हटलेल्या कवितेचा कोणताही एक चरण मनात म्हणा आणि मोजा. बहुतेक ठिकाणी बोटे बरोबर संपतात. असे चार चरण मिळून एक कडवे, आणि दुसऱ्या व चौथ्या चरणाच्या शेवटी बहुधा यमक. ह्याला अष्टाक्षरी म्हणतात.

आठ अक्षरे हा मराठी बोलण्याचाच एक सहज घास आहे. सकाळी आपण शेजारणीला सांगतो, “आज पाणी नाही आले.” मोजा, आठ. फलाटावर धापा टाकीत येऊन म्हणतो, “बोरिवली गाडी गेली.” आठ. दारातून हाक मारतो, “डबा विसरला बाई!” पुन्हा आठ. म्हणजे नळावर, फलाटावर आणि दारात आपण दिवसभर अष्टाक्षरीत बोलत असतो! ही काही कविता झाली नाही, हे उघड आहे. परंतु कवितेचे माप आपल्या जिभेवर आधीपासून आहे, एवढे तर सिद्ध झाले.

एक गंमत मात्र ध्यानात ठेवावी. बोलताना आपण ‘संसार’ हा शब्द ‘संसार्’ असा तोडून बोलतो. गाताना शेवटचा ‘र’ पूर्ण म्हणावा लागतो, तेव्हा त्याची तीन अक्षरे होतात. कविता नुसती डोळ्यांनी वाचली की हे कळत नाही. मोठ्याने म्हटली की कळते.

मराठीत पद्याच्या तीन जाती आहेत. कवी माधव ज्यूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांनी ‘छंदोरचना’ ह्या ग्रंथात त्यांची नीट मांडणी केली आहे. पहिले अक्षरगणवृत्त : त्यात अक्षरांची संख्या ठरलेली असते आणि प्रत्येक अक्षर ऱ्हस्व की दीर्घ हेही ठरलेले असते. लग्नात म्हणतात ती मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडितात असतात. एका चरणात १९ अक्षरे, आणि बाराव्या अक्षरानंतर थांबा. एक मात्रा चुकली की भटजींसुद्धा अडखळतात. रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. तेथे १२ अक्षरे, एका ठरलेल्या चालीने पावले टाकणारी. दुसरे मात्रावृत्त, ज्यात अक्षरे नव्हे तर मात्रा मोजतात. आणि तिसरा हा आपला छंद. त्यात ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, सगळी अक्षरे सारख्या वजनाने उच्चारायची आणि फक्त मोजायची. ओवी आणि अभंग ह्या तिसऱ्या घरातले.

हे घर फार जुने आहे, आणि त्याची पहिली मालकी बायकांची आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ह्या ११२९ सालच्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे ओवी ग्रंथात बसण्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ती उखळाजवळ बसलेली होती. ज्ञानेश्वरांनी तीन चरणांना यमक ठेवले, चौथा आखूड आणि मोकळा ठेवला, आणि त्या मापात गीता सांगितली. बायकांच्या घरातले माप त्यांनी उचलले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगायला हरकत नाही.

पण हे माप आले कोठून? ज्यांनी जाते ओढले आहे त्यांना ते सांगायला नको. खुंटा धरून हात पुढे जातो, वळतो आणि परत येतो. श्वास तसाच जातो आणि परत येतो. शब्द त्या फेऱ्यात बसले पाहिजेत. फार लांबले तर दम तुटतो, आखूड पडले तर हात रिकामा फिरतो. म्हणून जात्यावरच्या ओवीत एखादे अक्षर कमीजास्त झाले तरी बिघडत नाही, गळा ते सांभाळून घेतो. बहिणाबाईंच्या ह्या कवितेतही काकडीच्या कडव्यात चरण नऊ अक्षरांचा होतो. पंडिताच्या हिशेबी तो दोष. म्हणताना आपल्यापैकी कोणाला तो टोचला का? नाही. कारण हा छंद कागदावर आखलेला नाही, हाताने आणि श्वासाने आखलेला आहे.

आता छंद बदलला की भाव कसा बदलतो, ते पाहू. मी कवयित्री नाही. केवळ उदाहरणासाठी एकच विचार दोन मापांत जुळवला आहे, त्याला हसू नये. पहिले माप मोठ्या अभंगाचे, म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार :

सासर माहेर
दोन्ही माझी घरे
कोणते ते खरे
सांगा मज

दुसरे माप आठाचे :

सासर हे, माहेर ते
दोन्ही अंगणे झाडली
पाटी माझिया नावाची
कोण्या दारात जडली

दोन्हींतली बाई एकच आहे आणि तिचा प्रश्नही एकच आहे. परंतु पहिल्यात शेवटचा चरण चार अक्षरांवर अचानक थांबतो. पुढची दोन अक्षरे जणू मोकळी सोडली आहेत, आणि त्या मोकळ्या जागेत उत्तराची वाट पाहणे आले. म्हणून तो प्रश्न देवापुढे उभे राहून विचारल्यासारखा वाटतो. विरारच्या गाडीत भजनी मंडळी अभंग म्हणतात, तेव्हा नेमक्या त्या चार अक्षरांनंतर टाळ खणखणतात, ते ऐकून पाहा. दुसऱ्या कडव्यात थांबा नाही. चारही चरण सारखे. प्रश्न विचारून बाई थांबत नाही, जात्यासारखी पुढच्या फेऱ्याला लागते. तिला उत्तर मिळणार नाही हे ठाऊक आहे, आणि दळण तर संपवायचे आहे. म्हणजे शब्दांनी जे सांगितले नाही ते मापाने सांगितले. छंद हा कवितेवर चढवलेला दागिना नव्हे. तो तिच्या अंगाचा बांधा आहे.

हे ध्यानी ठेवून आपण पुन्हा ‘संसार’कडे येऊ. तिची घडण अशी आहे. कडव्याच्या आरंभी एक लहानशी हाक येते आणि ‘संसार’ हा शब्द लागोपाठ दोनदा येतो. पुढच्या कडव्यातही बहुधा तेच. पहिला चरण जवळजवळ तोच राहतो आणि त्यापुढचा दाखला बदलतो. जाते एका जागी फिरते आणि दर फेऱ्याला मूठभर नवे पीठ बाहेर पडते, तशी ही रचना आहे. संसाराचेही तेच नाही का? काल जेथे होतो तेथेच आज आहोत, पण पीठ कालचे नाही.

दाखले कसे आहेत पाहा. चुलीवरचा तवा. वेलावरची काकडी. अंगाला लागला तर फोड आणणारा बिब्बा. वरून काटे असलेली सागरगोट्याची शेंग. एकही दाखला पुस्तकातला नाही. सगळे स्वयंपाकघरातले, परसातले, शेताच्या बांधावरचे. आणि सगळ्यांची रीत एक : आधी वाईट, मग चांगले. तव्याजवळ हात आधी पोळतो, मग भाकरी मिळते. काकडी तोंडाशी कडू, पुढे गोड. बिब्ब्याच्या आत गोडंबी असते, जी आपण बाळंतिणीच्या लाडवात घालतो. काटेरी शेंगेत गुळगुळीत सागरगोटे निघतात, ज्यांनी आपण लहानपणी खेळलो.

येथे घडण आणि भाव यांची गाठ पडते. तव्याच्या कडव्यात भाकरीचा शब्द कोठे ठेवला आहे? अगदी शेवटी, आणि तोही यमकाच्या जागी. पोळणे आले तिसऱ्या चरणात, जेथे यमक नाही, म्हणून कान तेथे फार वेळ रेंगाळत नाही. कान थांबतो तो भाकरीवर. आता मनातल्या मनात क्रम उलटा करून पाहा : आधी भाकरी सांगितली आणि शेवटी पोळलेला हात. मजकूर एका अक्षरानेही खोटा होणार नाही, पण कवितेची तक्रार होईल. म्हणजे दुःख लपवले नाही, त्याला त्याच्या जागी बसवले. कोठली वस्तू पुढे ठेवायची आणि कोठली मागे, हे ज्या बाईला फडताळ लावताना कळते, तिला ते कडव्यातही कळले.

म्हणून ह्या कवितेचा भाव कोणता? रडका करुण रस नाही, कारण तिने रडण्याकुढण्याला स्पष्ट नकार दिला आहे. कीर्तनातला वैराग्याचा सूरही नाही, कारण संसार खोटा म्हणणाऱ्याला ती अडवते. देवळाच्या कळसाला कोणी लोटा म्हणू नये, तसे हे आहे, असे तिचे म्हणणे. शेवटाकडे तर ती संसाराला व्यापार म्हणते, ज्यात कधी रोख कधी उधार चालायची. हा एका जाणत्या बाईचा हिशेबी, समजूतदार आणि किंचित मिस्किल स्वर आहे. तिशीत कुंकू पुसले गेलेली बाई हे बोलते आहे हे आठवले, म्हणजे त्या स्वराचे वजन कळते. ती सुखात बसून दुसऱ्याला धीर देत नाही.

सरावाच्या वेळी आपल्यातल्या एका तरुण भगिनीने मला एक प्रश्न विचारला. तो येथे सांगणे मला आवश्यक वाटते. ती म्हणाली, “चटके सोसले तर भाकरी मिळेल, हेच आम्हाला पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले. ही कविता म्हणजे बाईने मुकाट सोसावे म्हणून दिलेली शिकवणच नव्हे का? आणि भाकरी सगळ्यांची, तर चटके एकटीलाच का?”

प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. घराघरात ह्या कवितेचा तसा उपयोग झालेलाही आहे. सुनेचे डोळे भरले की कोणी तरी हीच ओळ तिच्या तोंडावर फेकायचे. परंतु कविता आणि कवितेचा वापर ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चटका चांगला असतो, असे बहिणाबाई कोठेही म्हणत नाहीत. चटका बाईनेच घ्यावा, असेही म्हणत नाहीत. त्या ‘दोन जीवांचा’ संसार म्हणतात. व्यापार म्हटला की त्याला दोन बाजू आल्या, देणे आले तसे घेणेही आले. जो नुसता घेतो आणि देत नाही, त्याच्याशी व्यापार चालत नाही, हे खानदेशच्या बाजारात कोणालाही ठाऊक होते. आणि भाव पाहावा तो स्वरावरून. हा स्वर दुसरीला दटावणाऱ्या सासूचा नाही, स्वतःचा हात पोळलेल्या बाईचा आहे. तेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून हुकूम होतात आणि तिच्या तोंडून अनुभव राहतात. म्हणून छंद, घडण आणि भाव नीट ओळखायला शिकणे हे नुसते पंडिती काम नव्हे. कोणी कविता आपल्यावर काठीसारखी उगारली, तर ती काठी नाही, हे दाखवून देण्यासाठीही ते उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट भाषेची. बहिणाबाई आपल्या खानदेशच्या बोलीत बोलल्या. त्या बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, काळाचे ‘काया’ होते आणि गळ्याचे ‘गया’. शहरात आल्यावर आपण अशी गाणी ‘शुद्ध’ करून म्हणू लागतो. तसे करू नये. बोलीत ‘काया’ आणि ‘माया’ यांचे यमक जमते. शुद्ध करून ‘काळा’ केले की यमक गेले आणि त्याबरोबर बोलणारीचा चेहराही गेला. आपल्या बोरिवलीत कोकण, खानदेश, घाटमाथा, विदर्भ अशा सगळीकडच्या भगिनी आहेत. आपल्या मंडळात तरी कोणी कोणाची बोली सुधारायला जाऊ नये.

आता शेवटचे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. जाते गेले, गिरणी आली. गव्हाचा डबा गिरणीवर ठेवून आपण भाजी घेऊन येतो. हे चांगलेच झाले. जात्याच्या कष्टांसाठी मी हळहळणार नाही. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या आजीला विचारले असते, तर तिने आनंदाने गिरणी मागितली असती. परंतु जात्याबरोबर ओवीही गेली, आणि ती परत कोणती गिरणी देणार नाही. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये बायकांच्या ओव्या गोळा केल्या. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांचा ‘अपौरुषेय वाङ्मय’ म्हणून अभ्यास केला. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. एवढे मोठे धन, आणि जिने ती पहिल्याने म्हटली त्या बाईचे नाव बहुतेक ओव्यांना नाही. बहिणाबाईंचे नाव राहिले, कारण घरात ऐकणारा आणि टिपून घेणारा कोणी होता.

आपल्या मंडळातही ऐंशीच्या पुढच्या काही आजी आहेत. त्यांच्यापाशी पाळण्याची गाणी आहेत, भोंडल्याची आहेत, जात्यावरच्या ओव्याही असतील. माझी सूचना अशी की यंदा मंडळाने एक वही घालावी. दर महिन्याच्या सभेत एका आजींनी म्हणावे आणि एकीने लिहून घ्यावे. जसे उच्चारले तसे लिहावे, शुद्ध करू नये. शेजारी नाव लिहावे, गाव लिहावे, आणि कोणते काम करताना म्हणत ते लिहावे. मोबाईलवर आवाजही घ्यावा, कारण शेवटचा ‘र’ पूर्ण म्हटला की तोडला, हे कागद सांगत नाही. अक्षरे आठ भरली नाहीत म्हणून कोणतीही ओवी टाकून देऊ नये.

अध्यक्षीणबाईंनी ही सूचना मान्य केली, तर पुढच्या स्मरणिकेत त्या वहीतली काही पाने छापता येतील.